मध्य-डाव्या विचाराची मुळं शिकायची तर सुरुवात मार्क्सपासून करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दहा-बारा जणांचं अभ्यासमंडळ आहे. कॉलेजची मुलं आहेत, दोन निवृत्त शिक्षक आहेत, गिरणी-गोदीतून निवृत्त होऊन गावी परतलेले तीन-चार चाकरमानी आहेत. मध्य-डाव्या राजकीय विचाराची वैचारिक मुळं आठ बैठकांत समजून घ्यायची आहेत. कोणती पुस्तकं घ्यावीत, मार्क्सपासून सुरुवात करावी का, आणि गटातले एक काका सारखे म्हणतात की हा सगळा विलायती माल आहे, आपल्या मातीतलं त्यात काही नाही, त्यांना काय उत्तर द्यावं?

तुम्ही पुस्तकांची यादी मागितली आहे. यादी कुणीही देईल. पण असे वर्ग तिसऱ्या बैठकीला मोडतात त्याचं कारण यादी चुकली हे नसतं, क्रम चुकलेला असतो. मार्क्सपासून सुरुवात केली की पुढचं सगळं माघारीसारखं दिसायला लागतं. जर्मन समाजवादी बर्नस्टाइनने क्रांती सोडली, फेबियन मंडळी (हळूहळू सुधारणा मानणारे ब्रिटिश समाजवादी) भित्री निघाली, आपले समाजवादी संसदेत रमले. मग कुणीतरी विचारतंच, "म्हणजे हे अर्धवट डावेच ना?" आणि त्या प्रश्नातून वर्ग पुन्हा वर येत नाही.

हा विचार ज्यांनी घडवला त्यांतले निम्मे लोक मार्क्सपासून खाली उतरलेले नव्हतेच, ते उदारमतवादातून वर चढलेले होते. विचारवंत हॉबहाउस, अर्थतज्ज्ञ केन्स, सामाजिक विम्याची योजना मांडणारे बेव्हरिज हे तिघंही ब्रिटनच्या लिबरल परंपरेतले. आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखले त्याच जातकुळीतले. दुसरा प्रवाह मार्क्सवाद्यांच्या घरातून आला. आणि भारतात तिसरा, माझ्या मते सर्वांत जोरकस प्रवाह आहे तो फुले-आंबेडकरांचा, जन्मावरून ठरणाऱ्या दर्जावर घाव घालणारा. तिघांना जोडणारा प्रश्न एकच: मत, कायदा आणि कर या तीन साधनांनी मालमत्तेची आणि जन्माची पकड ढिली करता येते का, तीही हत्यार न उचलता आणि विरोधकाचा मताधिकार न काढता? हा प्रश्न हाताशी ठेवला की मुळं आपोआप सुटी होतात.

आधी काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो. गटात इंग्रजी वाचणारे तीन तरी असतील तर मूळ मजकूर वापरा, नाहीतर एकाने दोन पानांचा मराठी सारांश करून आणावा. बैठक दीड तासाची धरली तर वीस पानांवर मजकूर देऊ नका, कोणी वाचून येत नाही. आणि तिसरी गोष्ट, कोकणात ही फार महत्त्वाची: एकाच खोलीत खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या मधल्या माणसांच्या, घरातले आणि कुळांच्या घरातले लोक बसलेले असण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या बैठकीआधी हे माहीत करून घ्या. लपवायचं काही नाही, पण बेसावध राहिलात तर वर्गाचा घरगुती खटला होतो.

पहिल्या दोन बैठका एकाच कागदावर घालवा: १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती नष्ट करण्याचं विधेयक. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ते आहे. मजकूर लहान आहे, एका बैठकीत ओळ न ओळ वाचून होतो.

मुलांना खोती म्हणजे आडनाव एवढंच ठाऊक असतं, म्हणून आधी यंत्रणा समजावा. धारेकरी शेतकरी सरकारात थेट सारा भरायचा. खोती गावात मधे खोत होता: सरकारचा ठरलेला सारा तो भरायचा आणि कुळांकडून वसुली करायचा, अर्धेलीने निम्मं पीक, तिर्धेलीने एक तृतीयांश, शिवाय वेठ. सरकारला जाणारी रक्कम आणि कुळाकडून घेतलेला माल यांतलं अंतर ही खोताची मिळकत. १८८० च्या खोती कायद्याने काही हक्क कागदावर आले, पण मधला माणूस तसाच राहिला. खोत सगळे एका जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. हे मुद्दाम सांगा, नाहीतर चर्चा लगेच जातीच्या एका खुंटीला बांधली जाते.

आता विधेयक काय म्हणतं? खोती पद्धत रद्द करा, जमीन कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार, म्हणजे सरकारात थेट सारा भरणारा जमीनधारक करा, आणि खोताच्या गेलेल्या हक्काची वाजवी भरपाई द्या. या तिसऱ्या मुद्द्यावर थांबा. गरम डोक्याचा एखादा मुलगा विचारणारच की ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लुटलं त्यांना वर भरपाई कसली? उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला चार प्रश्न द्या. मालकी कोणाकडून कोणाकडे जाते? पैसा कोण भरतो? निर्णय कुठे होतो? आणि ज्याचं गेलं तो उद्या त्याच सभागृहात निवडून येऊ शकतो का? हे चार प्रश्न पुढच्या प्रत्येक मजकुराला विचारायचे आहेत. मध्य-डावा विचार पहिल्या प्रश्नात डाव्यांबरोबर असतो आणि चौथ्यात उदारमतवाद्यांबरोबर. भांडण होतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्यात.

विधेयकाला रस्त्याची जोड होती हेही सांगायला हवं. अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप १९३३ मध्ये सुरू झाला आणि सहा वर्षं चालला, जमिनी पडीक ठेवून. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. तरी विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. बारा वर्षांची ही दरी हाच या विचारसरणीवरचा सर्वांत जुना आक्षेप आहे: कायद्याची वाट फार लांब असते, तोवर माणूस मरतो. तो आक्षेप वर्गात पूर्ण ताकदीने मांडू द्या. त्याच किनाऱ्यावर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली झाला आणि वेठबिगारीवर त्याने घाव घातला. दोन्ही शेजारी ठेवली की तुलना पुस्तकी राहत नाही.

परतलेल्या चाकरमान्यांना इथे बोलतं करा. आंबेडकरांनी १९३६ मध्ये काढलेल्या पक्षाचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष, आणि त्याने हाती घेतलेलं मोठं विधेयक शेतजमिनीचं. मुलांना हे विसंगत वाटतं. चाकरमान्यांना वाटत नाही, कारण एकाच घरातला थोरला भाऊ गावात कूळ आणि धाकटा लालबाग-परळच्या गिरणीत. गावचा खंड मुंबईच्या मनिऑर्डरीतून भागत होता. त्याच पक्षाने ७ नोव्हेंबर १९३८ ला संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संप केला. कूळ आणि कामगार वेगळे वर्ग मानणारं युरोपातलं चौकटबंद वर्णन इथे लंगडं पडतं, आणि वर्गात ते स्वतःहून कुणाच्या तरी तोंडून आलं तर फार चांगलं.

तिसऱ्या बैठकीला काकांचा विलायती माल काढा. त्यांचं अर्धं बरोबर आहे, ते मान्य करूनच बोला. आंबेडकर कोलंबियात चढत्या कराचे अभ्यासक सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून, आणि ती संस्था १८९५ मध्ये सिडनी आणि बिॲट्रिस वेब या फेबियन जोडप्याने पुढाकार घेऊन काढलेली. अवजारं तिकडची आहेतच. पण तारखा बघा. फेबियन सोसायटी स्थापन झाली १८८४ मध्ये. जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं १८८२ मध्ये, सत्यशोधक समाज त्याआधी नऊ वर्षांचा. त्या निवेदनाचा गाभा सरळ हिशेबाचा आहे: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, तेव्हा ठरावीक वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. कर कोण भरतं आणि खर्च कोणावर होतो, हा प्रश्न कुठल्याही लंडनच्या पत्रिकेची वाट न बघता पुण्यात विचारला गेला होता.

त्याच बैठकीत गोखले घ्या. तुमच्या तालुक्यातलेच, कोतळूकचे, जन्म १८६६. गावचं नाव असल्यामुळे गट जागा होतो, पण जयंतीच्या भाषणासारखं होऊ देऊ नका. १९०२ च्या अंदाजपत्रकावरचं त्यांचं भाषण वाचा. सरकारकडे शिल्लक पडते याचा अर्थ देश सुखात आहे असा नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय, हा त्यांचा मुद्दा, आणि त्यात मिठावरचा कर मुख्य. दुसऱ्याच वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूट मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. मग १९११ चं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक: सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी सक्ती, तीही स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथेच, आणि महिना दहा रुपयांखाली मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

योगायोगाने ब्रिटनचा राष्ट्रीय विमा कायदाही १९११ चाच. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. हॉबहाउसचं उदारमतवादावरचं छोटं पुस्तकही त्याच वर्षीचं. उपाशी माणसाचं करार करण्याचं स्वातंत्र्य पोकळ असतं, हा त्याचा युक्तिवाद. खोत आणि कूळ यांच्यातल्या ‘कबुलायती’ला, म्हणजे कुळाने लिहून दिलेल्या करारनाम्याला, तो लावून बघा, चपखल बसतो. गोखले आणि फुले शेजारी ठेवलेत की एक फरक ठसठशीत दिसेल: गोखले शाळा मागतात, फुले विचारतात की शाळेत मास्तर कुठल्या जातीचा असेल आणि तो कुणाच्या मुलाला दारात उभं करेल. मला फुल्यांचा प्रश्न जास्त खोल वाटतो. पण गोखल्यांनी आकडे, टक्के आणि कलमं देऊन जे केलं ते कौशल्य पुढच्या सगळ्या संसदीय समाजवाद्यांनी उचललं. माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी गोखल्यांच्याच संस्थेतून पुढे आले आणि १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना उभी करणाऱ्यांत होते. मवाळांच्या घरातून कामगार चळवळ निघाली हे मुलांना खरं वाटत नाही.

चौथी बैठक बर्नस्टाइन आणि त्याला विरोध करणारी क्रांतिवादी रोझा लक्झेंबर्ग यांची. एकाच संध्याकाळी दोघं. एकटा बर्नस्टाइन वाचला तर तो फार शहाणा वाटतो, एकटी लक्झेंबर्ग वाचली तर तो गद्दार वाटतो. १८९९ च्या पुस्तकात बर्नस्टाइनचं म्हणणं असं की भांडवलशाही कोसळेल हे भाकीत खरं ठरत नाही, मधला वर्ग नाहीसा होत नाही, भागभांडवल पसरतंय, तेव्हा पक्षाने आपण सुधारणावादी आहोत हे कबूल करावं. तो १८८८ पासून लंडनमध्ये निर्वासित होता आणि फेबियनांच्या उठबशीत होता, त्याचा वास पानापानाला येतो. लक्झेंबर्गचं उत्तर: कामगार संघटना मजुरी वाढवतात, भांडवल ती परत खाली ओढतं, हे कधी न संपणारं काम आहे. इथे १९८२ च्या गिरणी संपाचा विषय निघणार. निघू द्या, पण पंधरा मिनिटांत आवरा, नाहीतर रात्र जाईल.

पाचव्या बैठकीला केन्सचं १९३६ चं पुस्तक, बेव्हरिजचा १९४२ चा अहवाल आणि जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा मार्क्सवाद सोडणारा १९५९ चा गोडेसबर्ग कार्यक्रम भरभर उरका. एकच सावधगिरी: सगळी कल्याणकारी योजना मध्य-डावी नसते. जर्मनीत आजारपणाचा विमा १८८३ मध्ये आणला तो बिस्मार्कने, समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेण्यासाठी, आणि त्याच वेळी त्यांच्या पक्षावर बंदी होती. चार प्रश्नांपैकी शेवटचा लावला की बिस्मार्क गळतो. फुकट काही वाटलं की ते डावं, हा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. तो तोडायला हे उदाहरण पुरतं.

उरलेला वेळ महाराष्ट्राच्या रोजगार हमीला द्या. ती मांडणारे वि. स. पागे काँग्रेसचे, तरीही कल्पना याच झाडाची. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा कुठून, तर १९७५ च्या व्यवसाय करातून, म्हणजे मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून. मुंबईतल्या पगारपत्रकावर दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम बहुतेक चाकरमान्यांनी पाहिलेली असते, ती कशासाठी हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि मग कोकणचा प्रश्न: १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड आली, खासगी जमिनीवर हापूस आणि काजूची कलमं सरकारी खर्चाने लागली. ज्याची जमीन त्याची बाग, भूमिहीनाला खड्डे काढण्याची मजुरी. पहिला प्रश्न लावा. मालकी कुठेच सरकलेली नाही, उलट जमिनीची किंमत वाढली. योजना वाईट होती असं नव्हे, पण ती मध्य-डावी होती का यावर गटात दोन तट पडतील, आणि पडायलाच हवेत.

सहावी बैठक १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची. नाशिकच्या तुरुंगात जमलेल्या मंडळींत जयप्रकाश नारायण होते, अच्युत पटवर्धन होते, मिनू मसानीही होते. पुढे जयप्रकाश सर्वोदयात गेले आणि मसानी स्वतंत्र पक्षात, म्हणजे थेट बाजारवादी बाजूला. एका कोठडीतून इतक्या वाटा फुटल्या, त्यावरून त्या पक्षाची मुळं किती वेगवेगळ्या जमिनींत होती ते कळतं. नरेंद्र देव मार्क्सवादी, मसानी फेबियन वळणाचे, लोहियांवर गांधींची छाप. कोकणापुरतं बोलायचं तर पालगडचे साने गुरुजी, हिंदळ्याचे ना. ग. गोरे, आणि पक्षाबाहेरचे पण विचाराने जवळचे कणकवलीच्या गोपुरीचे अप्पासाहेब पटवर्धन. अप्पासाहेबांना वर्गात हमखास विसरतात. संडासाचं काम कुणाच्या वाट्याला आणि का, हा प्रश्न त्यांनी स्वतः ते काम करून राजकारणात आणला. साधनशुचितेचा हा गांधीवादी धागा युरोपातल्या समाजवादात या रूपात सापडत नाही.

सातवी बैठक सगळ्यांत अवघड आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची. राजापूर लोकसभा मतदारसंघाचे समाजवादी खासदार: १९५७ पासून नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९९१ पर्यंत मधु दंडवते. नाथ पै म्हटलं की आपल्याकडे वक्तृत्वाच्या आठवणी सुरू होतात, दंडवते म्हटलं की रेल्वे आणि दुसऱ्या वर्गाच्या बाकांवरची फोमची गादी. दोन्हींना पाच मिनिटं द्या. मग १९६७ कडे या. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. मालमत्ता तेव्हा मूलभूत हक्क होती, म्हणजे जमीन सुधारणेच्या पुढच्या कायद्यांवर टांगती तलवार. नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं: घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुन्हा स्पष्ट करा. त्यावरची लोकसभेतली चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळते. नाथ पैंचं एक भाषण आणि विरोधातलं एक, एवढी दोनच काढा.

मग लगेच आणीबाणी. संसदेला अमर्याद अधिकार द्यावा म्हणणाऱ्या पक्षाचेच लोक १९७५ मध्ये तुरुंगात, आणि संसदेला घटनादुरुस्तीचा अमर्याद अधिकार देणारी १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्ती समोर. विचारसरणी कोंडीत सापडते ती इथे. त्यातून निघालेली वाट म्हणजे १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती, दंडवते ज्या मंत्रिमंडळात होते त्या जनता सरकारची. तिने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून घटनेच्या कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. आणि त्याच दुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क न्यायालयात मागता येईल अशी तजवीज केली. मालमत्ता एक पायरी खाली, माणसाचं स्वातंत्र्य एक पायरी वर. या परंपरेला काय हवं होतं ते एका कागदावर बघायचं असेल तर मी ही दुरुस्ती दाखवीन. १९३७ च्या खोती विधेयकाशेजारी ती ठेवून वाचा, चारही प्रश्नांची उत्तरं जुळतात.

आठवी बैठक कागदांची. प्रत्येकाने आपल्या गावचा एक जुना फेरफार आणि सातबारा आणावा. खोती गेल्याची नोंद, कुळाचं नाव लागल्याची नोंद, कूळ कायद्याच्या कलम ३२ ग खालची किंमत ठरवण्याची चौकशी, ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. महिनाभर आधी अर्ज करा, ऐनवेळी मिळत नाही. वर्गात दाखवताना नावं झाकून झेरॉक्स काढा, हयात वारसांचे दावे चालू असू शकतात. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ जमिनीचा मालक मानला गेला, किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, २० पट ते २०० पट यांमध्ये ठरायची आणि हप्त्यांनी भरायची. कागदात शोधायचं ते हे: कुणाचं नाव लागलं आणि कुणाचं नाही. तोंडी कूळ होता पण पीकपाहणीत नाव नव्हतं, तो सुटला. कातकरी बहुतेक सुटले. बायकांची नावं जवळजवळ नाहीतच, भावाभावांची सामाईक आहेत. कायद्याने घडवलेला बदल कागद ज्याच्या हातात त्याच्याकडे झुकतो, हा दोष या विचाराच्या मुळातच आहे, आणि तो त्यांच्या विरोधकांनी जितका दाखवला तितका त्यांनी स्वतः दाखवला नाही.

आठाऐवजी सहाच बैठका जमणार असतील तर पाचवीतून रोजगार हमी तेवढी उचलून शेवटच्या बैठकीत घाला आणि बाकी केन्स-बेव्हरिज गाळा, ते इंटरनेटवर कुठेही सापडतं. आणखी एक बैठक गाळायची झाली तर सहावी गाळा. पहिल्या दोन, सातवी आणि कागदांची बैठक यांना हात लावू नका. काकांना मात्र तिसऱ्या बैठकीचा मजकूर आधी द्या आणि फुल्यांचं निवेदन त्यांनाच वाचायला सांगा.